अल्पवयीन मुले, वाहन आणि नशा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभात वक्त्याला उभे केले म्हणजे त्याने तालीमचे महत्त्व सांगावे असा आपल्याकडे रिवाज आहे. परंतु ज्यांना ते पटले आहे तेच पालक आज येथे आले आहेत, आणि ज्यांना पटवायचे ते घरी आहेत. तेव्हा तो विषय मी अध्यक्षांच्या परवानगीने बाजूला ठेवतो. माझा धंदा वकिलीचा. मोटार अपघाताचे दावे चालवण्यात माझी बरीच वर्षे गेली. या कामात माणसाला दोन प्रकारचे बाप भेटतात. एक, ज्याचा मुलगा गाडीखाली गेला तो. आणि दुसरा, ज्याच्या मुलाने गाडी घातली तो. दोघेही कोर्टाच्या व्हरांड्यात एकाच बाकावर बसलेले असतात. त्या दुसऱ्या बापाविषयी आपल्या सभांतून फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आज मी बोलणार आहे.

उदाहरण आपल्या सर्वांच्या कानावर गेलेले घेतो. १९ मे २०२४ च्या पहाटे, अडीचच्या सुमारास, पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव परदेशी मोटारीने एका मोटारसायकलला उडवले. मोटारसायकलवर एक तरुण आणि एक तरुणी होती. दोघेही मध्य प्रदेशातले, दोघांचेही वय २४, दोघेही इंजिनियर, शिकून पुण्यात नोकरीला आलेले. दोघेही मरण पावले. मोटार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करण्यासाठी तो मित्रांबरोबर एकामागून एक दोन ठिकाणी गेला होता आणि तेथे त्याने दारू घेतली होती. मोटारीला पक्का नंबरही मिळालेला नव्हता. नोंदणीची १,७५८ रुपयांची फी भरायची राहिली होती. कोट्यवधींची गाडी दारात उभी आणि फी मात्र थकलेली! ज्या घरात गाडीच्या कागदांची ही कथा, तेथे मुलाच्या लायसनची चौकशी कोण करणार?

पुढचे आपण वर्तमानपत्रांतून वाचलेच आहे. त्याच दिवशी बाल न्याय मंडळाने मुलाला जामीन दिला आणि अटींमध्ये रस्ते अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहावा अशी एक अट घातली. साऱ्या देशात संताप उसळला. तीन दिवसांनी मंडळाने आपला आदेश बदलून मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने त्याला तेथून सोडून आत्याच्या ताब्यात देण्यास सांगितले, कारण अल्पवयीन मुलाला जामीन दिल्यावर पुन्हा अडकवून ठेवणे कायद्यात बसत नव्हते. मंडळाच्या ज्या दोन सदस्यांच्या कारभाराची चौकशी झाली त्यांना पुढे त्याच वर्षी सरकारने पदावरून दूर केले.

निबंधाची चेष्टा साऱ्या महाराष्ट्राने केली. पण माझ्या दृष्टीने या प्रकरणातला खरा धडा निबंधात नाही, रक्ताच्या नमुन्यात आहे. मुलाचे रक्त तपासणीसाठी घेतले गेले ते अपघातानंतर कित्येक तासांनी, ससून रुग्णालयात. दुसरा नमुना औंधच्या रुग्णालयात घेतला होता. दोन्हींची डी.एन.ए. तपासणी केली तेव्हा ते एकाच माणसाचे नाहीत असे निघाले! पोलिसांचा आरोप असा, की मुलाचे रक्त कचऱ्यात गेले आणि त्याच्या जागी आईचे रक्त ठेवले गेले. ससूनमधील दोन डॉक्टर आणि एक कर्मचारी अटकेत गेले. वडील अटकेत, आई अटकेत. घरच्या ड्रायव्हरने 'गाडी मीच चालवत होतो' असे सांगावे म्हणून त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबाही अटकेत गेले. हे आरोप आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयानेच करायचा आहे. पण एवढे खरे, की एका रात्री मुलाच्या हातात चावी गेली आणि तीन पिढ्यांना तुरुंगाचे दार पाहावे लागले.

आता तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, ही पुण्याच्या श्रीमंतांची गोष्ट झाली. परभणीत एवढ्या किमतीची गाडी कोणाकडे आहे? आणि आपल्यात तर दारू हराम आहे. मग हा विषय आमच्यापुढे कशाला?

दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो. गाडीचे आधी.

सकाळी साडेनऊच्या सुमारास परभणीच्या कोणत्याही शाळा-कॉलेजच्या किंवा शिकवणीच्या दारात उभे राहा आणि स्कूटी, मोटारसायकली मोजा. त्यातल्या किती चालवणाऱ्यांना मिसरूड फुटली आहे तेही मोजा. एका गाडीवर तिघे, हेल्मेट एकालाही नाही, आणि पुढे बसलेला नववीत! देशाची आकडेवारी सांगते की २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. मोठ्या मोटारी नव्हेत, आपल्याच दारात उभ्या असतात त्या दुचाकी. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे ५ ते २९ या वयातल्या माणसांच्या मृत्यूचे जगातले पहिले कारण रस्त्यावरचा अपघात हेच आहे. पोराला ताप आला की आपण रात्री डॉक्टरला उठवतो. पण ज्या दुखण्याने या वयाची पोरे सर्वांत जास्त मरतात, त्या दुखण्याची चावी आपण आपल्या हाताने खुंटीवरून काढून देतो.

का देतो हेही मला ठाऊक आहे, आणि पालकांना नुसता दोष देणे मला पटत नाही. वडील पुण्याला, मुंबईला किंवा आखातात कामाला आहेत. घरी आई, आजी आणि लहान भावंडे. आजीला दवाखान्यात न्यायचे, गिरणीवरून दळण आणायचे, बहिणीला शिकवणीला सोडायचे. घरातला एकमेव 'पुरुष' कोण? तर पंधरा वर्षांचा अहमद किंवा सोळा वर्षांचा इरफान. मानवतहून, पाथरीहून, पूर्णेहून रोज परभणीला येणाऱ्या मुलाला एस.टी. वेळेवर मिळत नाही. अडचण खरी आहे. पण एस.टी.च्या पासात विद्यार्थ्याला भाड्याचा एक तृतीयांशच भाग भरावा लागतो, आणि पेट्रोलच्या हिशेबाने पाहिले तरी पासच स्वस्त पडतो. तेव्हा अडचणीच्या जोडीला घरात आणखी एक गोष्ट असते. 'आमचा पोरगा आत्ताच गाडी चालवतो हो!' हे सांगताना बापाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो अडचणीचा नसतो, कौतुकाचा असतो.

कायदा काय म्हणतो ते आता ऐका. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय गाडी चालवता येत नाही. १६ वर्षांनंतर पालकांच्या संमतीने ५० सी.सी.पर्यंतची मोटारसायकल चालवता येते, पण आपल्या घराघरातल्या स्कूटी १०० सी.सी.च्या वर आहेत, त्यामुळे ती सवलत या गाड्यांना लागू नाही. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे म्हणाल, तर ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त न पळणारी आणि २५० वॅटच्या आतली असेल तेवढीच लायसनमधून सुटते. दुकानदार सगळ्याच गाड्यांना 'लायसन लागत नाही साहेब' म्हणतात, त्यावर विसंबू नका. कागद मागा.

२०१९ साली या कायद्यात १९९-अ हे नवे कलम आले. माझ्या मते आजच्या सभेतले प्रत्येक पालकाने घरी न्यावे असे कलम हेच. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. 'मला माहीतच नव्हते, त्याने गुपचूप नेली' असे बाप म्हणेल. म्हणू शकतो, पण ते त्यालाच शाबीत करावे लागते. गाडी पालकाच्या संमतीनेच दिली होती असे न्यायालय आधी गृहीत धरून चालते. इतर खटल्यांत गुन्हा शाबीत करण्याचे ओझे सरकारवर असते, येथे निर्दोष असल्याचे ओझे बापावर आहे. हा फरक लक्षात घ्या.

२५ वर्षांपर्यंत लायसन नाही, याचा अर्थ आपल्या समाजातल्या मुलाला किती जड जातो ते विद्यार्थी मित्रांनो तुम्ही विचार करा. आपल्यातली कितीतरी मुले ड्रायव्हर होतात. टेम्पोवर, ट्रकवर, टॅक्सीवर, मालाची पार्सले पोचवण्यावर संसार चालवतात. आखातात जाऊन चार पैसे घरी पाठवतात. अठराव्या वर्षी मिळणारी ती रोटी पंचविसाव्या वर्षापर्यंत बंद. कशासाठी? तर सतराव्या वर्षी कोपऱ्यावरच्या चार पोरांना दाखवायला.

आता दाव्याचे सांगतो, कारण पैशाची गोष्ट लोकांना लवकर कळते. गाडीचा विमा आहे म्हणजे आपण सुटलो असे पुष्कळांना वाटते. अपघातात माणूस गेला की त्याच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातात. मेलेला माणूस कमावता असेल, तरुण असेल, घरात बायको-मुले असतील तर भरपाईची रक्कम लाखांत जाते. चालवणाऱ्याकडे लायसनच नव्हते असे निघाले आणि मालकाने ते जाणूनबुजून चालवून घेतले असे ठरले, की बहुतेक वेळा न्यायालय विमा कंपनीला सांगते, आधी मयताच्या घरच्यांना पैसे द्या आणि मग ते गाडीच्या मालकाकडून वसूल करा. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली एका निकालात या प्रश्नाची सविस्तर चर्चा केली आहे. म्हणजे मयताची विधवा वाऱ्यावर पडत नाही, हे चांगलेच झाले. पण कंपनी वसुलीला कोणाकडे येते? आर.सी. बुकावर ज्याचे नाव आहे त्याच्याकडे. कोरडवाहू पाच एकर जमीन, गावातले घर, बायकोच्या अंगावरचे दोन दागिने, यांच्याकडे. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे अशा वसुलीत गेले की त्या घरात भाऊ आणि बहीण पुन्हा पूर्वीसारखे बोलत नाहीत. कोर्टाच्या कागदात ही भरपाई कोठे लिहिलेली नसते.

मुलांमध्ये आणखी एक समजूत पसरली आहे. 'अठराच्या आत काही होत नाही रे!' पुण्याच्या प्रकरणाने ती आणखी बळावली. यात थोडे तथ्य आहे आणि थोडी फसगत. बाल न्याय कायदा २०१५ चा. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाने अतिघोर गुन्हा केला तर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो. पण अतिघोर म्हणजे ज्याला कमीत कमी सात वर्षांची शिक्षा आहे तो. २०१६ साली दिल्लीत एका मुलाने मोटारीखाली ३२ वर्षांच्या एका माणसाला चिरडले. त्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला फक्त चार दिवस उरले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले, की किमान सात वर्षांची शिक्षा नसलेला गुन्हा अतिघोर धरता येणार नाही. मयताच्या नातेवाइकांनी वर्षानुवर्षे दिलेला लढा अशा रीतीने संपला. पुण्याच्या मुलालाही प्रौढ धरावे ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

मला स्वतःला हा कायदा चुकीचा वाटत नाही, हे स्पष्ट सांगतो, मग कोणाला राग आला तरी चालेल. सतरा वर्षांच्या पोराला पक्क्या गुन्हेगारांत टाकून समाजाचे भले होत नाही. आणि याच सवलतीचा आधार उद्या आपल्या गरिबाच्या मुलालाही लागणार आहे. ज्याच्याकडे मोठा वकील नाही त्याला तर जास्तच. पण कायद्याने मुलावरून हात उचलला तेथेच तो बापाच्या मानेवर ठेवला आहे, ही बाजू मुलांना कोणी सांगत नाही. मित्रांनो, तुम्हाला काही होणार नाही असे धरून चाला. तुमच्या अब्बांना होईल.

आता दुसरा प्रश्न. दारू.

आपल्यात दारू हराम आहे, ही गोष्ट आपण इतक्या वेळा म्हणतो की त्यामुळे ती आपल्यात नाहीच असे आपल्याला वाटू लागले आहे. हराम असणे वेगळे आणि नसणे वेगळे. कुरआनमध्ये ही बंदी एका दमात आली नाही, टप्प्याटप्प्याने आली, हे येथे बसलेल्या आलिम मंडळींना ठाऊक आहे. आधी तिच्यातले नुकसान फायद्यापेक्षा मोठे आहे हे सांगितले गेले, मग नशेत नमाजजवळ जाऊ नये असा हुकूम झाला आणि शेवटी पूर्ण मनाई. माणसाला व्यसनापासून सोडवायला वेळ आणि हिकमत लागते, हे त्यात मान्य केले आहे. आपण मात्र मुलाच्या तोंडाला वास आला की दोनच गोष्टी करतो. एक तर मारहाण, नाही तर शेजाऱ्यांना कळू नये म्हणून गुपचूप पांघरूण घालणे. दोन्हींतून मुलगा एकच शिकतो, की घरी सांगायचे नाही.

आणि म्हणूनच तो रात्री गाडी घेऊन घरी येतो. मित्राच्या घरी थांबला तर घरून फोन येतील. फोन करून 'अब्बा, मला न्यायला या' म्हणाला तर अब्बा काय म्हणतील ते त्याला ठाऊक आहे. मग तो डोळ्यांवर पाणी मारतो, बडीशेप चघळतो आणि किक मारतो. मी मुलाला पाठीशी घाला असे म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की त्या एका रात्री त्याने फोन केला तर आधी त्याला घेऊन या. जे बोलायचे ते सकाळी बोला. सकाळ व्हायला हवी असेल तर दुसरा मार्ग नाही.

डोळ्यांवर पाणी मारल्याने काय होते? काही होत नाही. लिंबू, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ यांनी माणूस जागा होतो, उतरत नाही. रक्तातली दारू यकृत आपल्याच गतीने कमी करते, साधारण तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. रात्री अकराला एखाद्याच्या रक्तात १५० असेल, तर सकाळी सातला कुठे तो त्या मर्यादेवर येतो. म्हणजे रात्रभर झोपून फजरनंतर गाडी काढणाराही नशेतच असू शकतो. मर्यादा ओलांडली तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

हिशेबाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत शुद्धीतल्या माणसालाही सेकंद-दीड सेकंद लागतो. नशेत आणखी अर्धा सेकंद गेला तर गाडी ब्रेक न लागता आठ मीटर पुढे. आठ मीटर म्हणजे एक उसाची ट्रॉली. गळिताच्या हंगामात गंगाखेडच्या किंवा पाथरीच्या रस्त्याला रात्री जा. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही अशी उसाने लादलेली ट्रॉली अंधारात उभी असते. उजेडात आणि शुद्धीत असलेला ड्रायव्हर तिथे फसतो. वेगाचेही असेच. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. नववीच्या पुस्तकात हे आहे, पण परीक्षेपुरते.

आणि वय. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे हात-पाय, नजर, कान मोठ्या माणसापेक्षा तल्लख असतात. त्यामुळे त्याला आणि आपल्यालाही वाटते की तो चांगली गाडी चालवतो. पण 'थांब, हे करू नको' असे सांगणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. दारू पहिला घाला घालते ती याच भागावर. म्हणजे जो लगाम आधीच कच्चा, तोच पहिल्यांदा तुटतो. मागे दोन मित्र बसले की तर विचारूच नका. एकटा मुलगा जेथे ब्रेक मारील तेथे मागे मित्र असला की तोच मुलगा रेस देतो.

दारू मिळते कोठे, असे भोळेपणाने विचारू नका. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत वरळीला एका तरुणाने मोटारीखाली एका महिलेला फरफटत नेले. त्याला दारू देणाऱ्या बारने वयाची ही अट मोडली होती असे उत्पादन शुल्क खात्याला आढळले. अल्पवयीनाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांवरची दारूची दुकाने ५०० मीटर दूर न्यायला सांगितली, पुढे शहरांच्या हद्दीत सवलती मिळाल्या. धाब्यावर कोणाला काय मिळते ते सर्वांना माहीत असते. मोहल्ल्यात अल्पवयीन मुलांना बाटली विकणारा माणूस आपल्याला माहीत असतो, त्याच्या दुकानावरून आपण रोज सलाम करत जातो. त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार द्यायची वेळ आली की मात्र मोहल्ल्यात सही करायला माणूस सापडत नाही.

एक अप्रिय गोष्ट बोलतो. नशा नुसत्या दारूची नसते. शब-ए-बरातच्या किंवा चांदरातीच्या रात्री आपलीच मुले सायलेन्सर काढलेल्या गाड्या घेऊन रस्त्यावर फिरतात, पुढचे चाक उचलतात, मोबाइलवर चित्र घेतात. इबादतीच्या रात्री! त्यांच्या पोटात दारूचा थेंब नसतो हे मी मान्य करतो. पण गाडीखाली सापडलेल्या माणसाला त्याने काय फरक पडतो? लग्नाच्या वरातीतही तेच.

'चुकून झाले, तकदीर होती' हे वाक्य मी व्हरांड्यात फार ऐकले आहे. आपल्या धर्मात जाणूनबुजून केलेल्या हत्येचा हुकूम वेगळा आहेच, पण चुकून जीव गेला तरीही माणूस मोकळा सुटत नाही. मयताच्या वारसांना दियत द्यायची, आणि वर कफ्फारा, म्हणजे गुलाम मुक्त करणे आणि ते शक्य नसेल तर लागोपाठ दोन महिन्यांचे रोजे. चुकीचीसुद्धा एवढी किंमत का? कारण गेलेला जीव चुकीने परत येत नाही. आणि बंद्यांचे हक्क बंद्यांनीच माफ करावे लागतात, मशिदीत कितीही रडले तरी ते तेथे माफ होत नाहीत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे.

मरणाऱ्यांचाही विचार करा. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याला कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर एका तरुणाची मोटार गेली. सात मेले, आठ जखमी झाले. खालच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षेच कायम केली. ते मजूर बाहेरून पोटासाठी आलेले होते. आपल्या जिल्ह्यातूनही दरसाल दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला जातात, पुण्या-मुंबईला बांधकामावर जातात आणि रस्त्याच्या कडेला पाल टाकून झोपतात. गाडीखाली सापडणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यासारखाच असतो. पुण्यातली ती दोन मुलेही शिकून वर आलेल्या साध्या घरांतलीच होती. या शाळेतून शिकून आपली मुले जेथे पोचावीत म्हणून आपण वर्गणी काढतो, तेथे ती पोचली होती.

वेळ बराच झाला, अध्यक्ष महोदयांनी घड्याळ पाहिले. शेवटी कामाच्या दोन गोष्टी सांगून बसतो.

पहिली विद्यार्थ्यांसाठी. रस्त्यात अपघात दिसला, मग तो कोणाच्याही चुकीने झालेला असो, तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. पोलीस मागे लागतील या भीतीने पळू नका. २०१९ पासून कायद्यातच तरतूद आहे, की मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याच्यावर दावाही लावता येत नाही. पहिल्या तासात दवाखाना मिळाला तर पुष्कळ जीव वाचतात. आणि अपघात तुमच्याच हातून झाला असेल तरी थांबा. पळालेल्या माणसाला कोणताच वकील फारसा उपयोगी पडत नाही, मीसुद्धा नाही.

दुसरी पालकांसाठी. मुलगा अठराचा झाला की त्याला शिकाऊ लायसन काढून द्या. ते सहा महिने चालते, आणि एक महिन्यानंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. ही परीक्षा त्याला खरोखरच देऊ द्या, एजंटाला पैसे देऊन घरबसल्या कार्ड आणू नका. तोपर्यंत चावी कपाटात आणि कपाटाची चावी अम्मीच्या कमरेला. ज्यांच्या घरी वडील बाहेरगावी आहेत आणि आजीला दवाखान्यात न्यायची अडचण आहे, त्यांच्यासाठी संस्थेने मोहल्लानिहाय दोन-दोन लायसनधारक मोठ्या माणसांची नावे आणि फोन नंबर शाळेच्या फलकावर लावावेत अशी माझी सूचना आहे. त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे. रात्री-अपरात्री कोणाच्या मुलाला घरी आणायचे असेल तरीही फोन करावा, मी काही विचारणार नाही.

खुदा हाफिज.